खडकवासल्याची वाट आणि स्थूल गृहस्थाची सायकल

सायकल ही कृश माणसांसाठींच निर्माण झालेली वस्तु आहे, असा एक समज अलीकडे पुण्यांत रूढ झालेला दिसतो. रविवारीं पहांटे सिंहगड रस्त्यानें खडकवासल्याकडे निघालेली मंडळी पाहिली म्हणजे हा समज कोणाचाहि व्हावा. अंगाला चिकटलेले कपडे, डोक्यावर शिरस्त्राण, पोटाचा कोठें मागमूस नाहीं, आणि खालीं वेताच्या छडीसारखी सडपातळ सायकल! ह्या मेळाव्यांत १०८ किलो वजनाच्या व पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थानें शिरावयाचें म्हटलें, तर त्यानें कोणती सायकल घ्यावी, ती कशी पारखावी आणि ह्याच रस्त्यावर ती त्याला कितपत साथ देते, ह्याविषयीं जें अनुभवानें कळलें तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हें वजन माझेंच आहे. तेव्हां त्याविषयीं मोकळेपणानें लिहिण्यास मला कोणाची परवानगी नको.

वास्तविक पुण्यासारख्या शहरांत असा प्रश्न निघण्याचें कारण नव्हतें. चाळीस वर्षांपूर्वींपर्यंत हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जात असे. शाळेंतले मास्तर, कचेरींतले कारकून, लक्ष्मी रस्त्यावरचे व्यापारी, पौरोहित्यास निघालेले भटजी, सर्वच सायकलीवर; आणि त्यांत स्थूल माणसें कांहीं थोडीं नव्हतीं. पुढें दांडीवर मूल, मागें कॅरिअरवर कुटुंब आणि हँडलला भाजीची पिशवी, अशा थाटांत लोक पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येत; डबल सीटबद्दल पोलिसानें हटकलें, तर तेवढ्यापुरतें उतरावयाचें. गवळ्यांच्या सायकलींना तर दोहों बाजूंस दुधानें भरलेल्या किटल्या लटकत. त्या काळ्या, उंच, निगरगट्ट सायकलीच्या चाकांचे आरे वाचकांपैकीं कोणीं मोजून पाहिले आहेत काय? पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४०, अशी ती जुनी विलायती रीत. आजच्या चकचकीत शर्यतीच्या सायकलीला पुढें २० व मागें २४ आरे असतात. कांहींना त्याहूनहि कमी. जड माणसाच्या सायकलीची बहुतेक सारी कथा ह्या आंकड्यांच्या फरकांत आहे.

आमच्या घरीं हा विषय निघाला तो प्रकृतीच्या कारणानें. वडिलांना चाळिशींतच मधुमेह जडला होता, थोरल्या बंधूंच्या हृदयावर साठीच्या आंत शस्त्रक्रिया झाली, आणि माझ्या रक्तांतील साखर तीन वर्षें हळूहळू चढत होती. डॉक्टरांनीं चालावयास सांगितलें. पण रोज तासभर चालूं लागल्यावर महिन्याभरांत गुडघ्यांनीं असहकार पुकारला. चालतांना प्रत्येक पावलागणिक साऱ्या देहाचा धक्का गुडघ्यास बसतो. सायकलीवर मात्र देहाचा मोठा भार सीटवर व थोडा हातांवर जातो आणि गुडघ्याला केवळ फिरण्याचें काम उरतें. गुडघे सांभाळून घाम गाळावयाचा असेल, तर पोहणें किंवा सायकल हे दोन मार्ग चांगले, असें डॉक्टरांचें मत पडलें.

ह्यावर घरांत रीतसर सभा भरली. आईला रहदारीची भीति. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, सायकल तुम्हांला नेईल, कीं तुम्हीच तिला हातांत धरून घरीं आणाल?” आणि पुतण्या, जो ह्या विषयांतला घरचा तज्ज्ञ, त्यानें शेवटचा टोला दिला. “काका, घ्यायची तर विचार करून घ्या. नाहींतर दोन महिन्यांनीं आजी तिच्यावर टॉवेल वाळत घालील.”

हें बोलणें थट्टेचें असलें तरी त्यामागें एक उदाहरण होतें. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ माझ्याहूनहि चार-सहा किलोंनीं अधिक. त्यांनीं दोन वर्षांपूर्वीं जवळजवळ लाख रुपये मोजून एक फार हलकी, देखणी सायकल घेतली. पहिल्या दोन महिन्यांत मागच्या चाकाचे आरे चार वेळां तुटले. टणत् असा आवाज होतो, चाक लगेच आउट होतें आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागते. दर वेळीं टेंपो करून सायकल दुकानांत न्यावयाची, आणि दर वेळीं दुकानदारानें सांगावयाचें, “काका, तुमचं वजन जास्त आहे.” हें खरें होतें, पण पैसे घेण्यापूर्वीं सांगावयास हवें होतें. शेवटीं ते कंटाळले. सायकल गॅलरींत गेली, आणि गेल्या वर्षापासून त्यांना इन्शुलिन सुरू झालें आहे. ह्या दोन गोष्टींचा संबंध मी जोडीत नाहीं. त्यांच्या घरचीं माणसें जोडतात.

दुकानांत शिरल्यावरचा पहिला अनुभव बहुतेक ठिकाणीं एकच. विक्रीवरचा तरुण प्रथम आपल्या पोटाकडे पाहतो आणि मग नम्रपणें जाड टायरच्या, पुढें स्प्रिंगचा फोर्क असलेल्या डोंगरी सायकलींकडे नेतो. जाड माणसाला जाड टायर, असा त्याचा तर्क. परंतु डांबरी सडकेवर चाळीस-पन्नास किलोमीटर जावयाचें असेल तर हा तर्क लंगडा पडतो. भारी माणूस बसला कीं पुढची स्प्रिंग दबते. चढावर पायडलवर जोर दिला कीं ती खालवर होऊं लागते आणि पायांची बरीच मेहनत तिच्या झोक्यांत वायां जाते. टायरवरचे मोठे दाते चिखलांत उपयोगी, सडकेवर ते केवळ घूं घूं करतात. खालीं वळलेल्या हँडलच्या रोड सायकलीवर हात ठेवावयास तीन-चार जागा मिळतात, त्यामुळें तळहात व खांदे अवघडत नाहींत, हा लाभ लांबच्या वाटेवर मोठा आहे. मात्र शर्यतीच्या सायकलीचें हँडल फार खालीं असतें; तें धरून वांकलें कीं आमच्यासारख्यांची मांडी दर फेरीला पोटावर आपटते. ह्यास्तव हँडल थोडें उंच असलेली, लांबच्या प्रवासासाठीं बनविलेली रोड सायकल निवडावी. दुकानांत नुसतें बसून पाहूं नये. दहा-पंधरा मिनिटें चालवून पाहावी. लाज धरूं नये.

दुसरी गोष्ट पुस्तिकेची. प्रत्येक चांगल्या सायकलीबरोबर एक पुस्तिका येते आणि तींत कमाल भाराचा आंकडा छापलेला असतो. तो कोणी वाचीत नाहीं. बहुधा हा आंकडा चालक, सायकल आणि सामान अशा तिघांच्या बेरजेचा असतो. माझी बेरीज अशी: देह १०८, सायकल सुमारें ११, पाण्याच्या दोन बाटल्या व हत्यारें मिळून ३, एकूण १२२ किलो. मीं पाहिलेल्या पुस्तिकांत कोठें ११०, कोठें १२० ते १२५ आणि कोठें १३६ असे आंकडे निघाले. पहिली जात तेथेंच बाद झाली, दुसरी कांठावर राहिली. कार्बनची चौकट म्हणजे कांचेचें भांडें, ती जड माणसाखालीं फुटावयाचीच, असें पुष्कळ सांगतात; तें तितकेंसें खरें नाहीं. नीट घडविलेली कार्बनची चौकट पुरेशी बळकट असते. प्रश्न असतो तो तिच्या छापील मर्यादेचा. शिवाय ती आपटल्यास आंतली इजा बाहेरून दिसत नाहीं. गृहस्थी माणसानें पोलादी किंवा अॅल्युमिनियमची चौकट घ्यावी आणि वांचलेले पैसे चाकांवर खर्चावे, असें माझें मत बनलें.

हें मत बनविण्यास कारण झाले ते नाना पेठेच्या बाजूचे एक वृद्ध मिस्त्री. त्यांचें दुकान म्हणजे सहा फुटांची एक वखळ. भिंतीला टांगलेल्या रिमा, डब्यांत छर्रे आणि ओव्हरऑयलिंगसाठीं उलट्या केलेल्या दोन सायकली. मीं माझी अडचण सांगितली, तेव्हां ते म्हणाले, “साहेब, गाडी नका बघूं, चाक बघा. मोडलेली चौकट आयुष्यांत मीं दोनदां पाहिली. चाकं रोज येतात.” मग त्यांनीं एक चाक हातांत घेऊन तंबोरा लावावा त्याप्रमाणें त्याच्या तारा एकामागून एक छेडून दाखविल्या. मागच्या चाकांत उजव्या बाजूस दातेरी चक्रें असल्यामुळें त्या बाजूच्या तारा अधिक ताणाव्या लागतात, म्हणून त्यांचा सूर डाव्या बाजूपेक्षां चढा निघतो. पण एका बाजूच्या साऱ्या तारांचा सूर एकच असला पाहिजे. एखादी तार मंद बोलली तर समजावें कीं तिच्या शेजारणीवर फाजील भार पडत आहे आणि तीच आधीं तुटणार.

तार कां तुटते, हेंहि समजून घेण्याजोगें आहे. चाक नवें बांधतांना सर्व तारा आधींच ओढून ताठ केलेल्या असतात. आपण बसलों कीं जमिनीलगतच्या तारांचा ताण कमी होतो. चाक पुढें फिरलें कीं त्या पुन्हां ताठ होतात. कडीची तार हातानें पुनःपुन्हां वांकवून तोडतात, तोच हा प्रकार. तार भारानें तुटत नाहीं, ह्या सैल-ताठ होण्यानें झिजते, आणि बहुतेक वेळां मधल्या हबजवळच्या वांकणावर तुटते. चाकाचा घेर सुमारें २ मीटर १० सेंटिमीटर. म्हणजे चाळीस किलोमीटरांच्या एका फेरींत प्रत्येक तारेवर हा प्रसंग सुमारें एकोणीस हजार वेळां येतो. चालक जड असेल तर तार अधिक सैल पडते. तारा जितक्या अधिक आणि जितक्या सारख्या ताणलेल्या, तितका एकेकीचा वांटा कमी. चाळीस तारांच्या चाकावर गवळ्याच्या किटल्या कां निभत, ह्याचें उत्तर हेंच.

मीं घेतलेली सायकल अॅल्युमिनियमच्या चौकटीची असून दोन्ही चाकांना ३२ तारा आहेत. किंमत सत्तर हजारांच्या आंत. ती घरीं आणण्यापूर्वीं सरळ मिस्त्रींकडे नेली. कारण यंत्रानें बांधलेल्या चाकांचा ताण पुष्कळदां असमान राहतो. दीड तास त्यांनीं एकेक तार पुन्हां लावली, चाकें आउट आहेत कीं काय तें पाहिलें आणि तीनशें किलोमीटर झाल्यावर परत आणण्याची ताकीद दिली. ज्याला असा मिस्त्री लाभला त्यानें सायकलीचा निम्मा व्यवहार जिंकला असें समजावें.

बाकीच्या गोष्टी रस्त्यानेंच ठरविल्या, म्हणून त्या रस्त्याबरोबरच सांगतों.

सदाशिव पेठेंतून सवापांचास निघावें. दांडेकर पूल, राजाराम पूल, उजव्या हातास मुठेच्या कांठची विठ्ठलवाडी, मग वडगांव, धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी. एकेकाळीं ह्या मार्गावर शेतें होतीं. आतां किरकटवाडीपर्यंत इमारतींची भिंत तुटत नाहीं, आणि आठ वाजल्यानंतर सायकलस्वारानें तेथें थांबूंच नये. सड‍केला खड्डे, खड्ड्यांना ठिगळें, आणि दर फर्लांगाला गतिरोधक. येथें टायरच्या रुंदीचें महत्त्व कळतें. पूर्वीं शर्यतीच्या सायकलीला २३ मिलिमीटर रुंदीचे टायर असत. भारी माणसाला ते ह्या रस्त्यावर घेणें म्हणजे ट्यूबेला रिम व खड्डा ह्यांच्या चिमट्यांत देणें होय. २८ ला आरंभ करावा, ३२ बसत असतील तर तेच घ्यावे. आणि विकत घेतांनाच चौकटींत तेवढी जागा आहे कीं नाहीं तें पाहावें, कारण ती मागाहून वाढवितां येत नाहीं. माझ्या ३२ च्या टायरांत मागें ७५ ते ८० पौंड हवा असते, पुढें त्याहून थोडी कमी, कारण देहाचा अधिक भार मागच्या चाकावर असतो. खड्डा टळत नसेल तर दोन्ही पायडलें समपातळीवर आणून सीटवरून किंचित् उठावें व गुडघे सैल सोडावे. माझें चाक ह्या संवयीनेंच वांचलें आहे.

एक सूचना येथेंच. काळ्या सायकलीचें चाक आणि रोड सायकलचें चाक, दोहोंनाहि बोलण्यांत अठ्ठावीस इंची म्हणतात; परंतु टायर बसण्याच्या जागीं पहिल्याचा व्यास ६३५ मिलिमीटर व दुसऱ्याचा ६२२. ह्या तेरा मिलिमीटरांपायीं धायरी फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे शंभर टायर टांगलेले असले तरी आपल्या कामाचा एक नसतो. शिवाय अशा ट्यूबचा व्हॉल्व्ह बहुधा बारीक असतो; त्याला साध्या पंपाची नळी बसत नाहीं. सुटी ट्यूब, छोटा पंप आणि व्हॉल्व्हवर चढविण्याची पितळी टोपी खिशांत असावी.

किरकटवाडी मागें पडली कीं हवा एकदम बदलते. १९१६ सालीं स्थापन झालेली जल व विद्युत् संशोधनाची सरकारी शाळा ह्याच भागांत आहे. पुढें धरणाची दगडी भिंत दिसते. एकोणिसाव्या शतकांत बांधलेलें हें धरण १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटल्यावर त्या लोंढ्यापुढें टिकलें नाहीं आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा बुडाल्या. त्या दिवसाच्या आठवणी अजून आमच्या घरांतल्या वडील माणसांच्या तोंडून निघतात. पलीकडच्या तीरावर प्रबोधिनीचा घुमट सकाळच्या धुक्यांत अर्धाच दिसतो. सहाच्या सुमारास तलाव अगदीं निश्चल असतो. भजी तळणारे नुकते चुली पेटवीत असतात. परत येतांना त्या भज्यांचा वास शंभर पावलें पाठलाग करतो, आणि माझ्या रक्तांतल्या साखरेची खरी परीक्षा चढावर नसून तेथें आहे.

पहिले दोन महिने मी येथूनच परतत असें. जातां-येतां चाळिसाच्या आंतबाहेर किलोमीटर. साधारण प्रकृतीच्या माणसास एवढें पुष्कळ. तिसऱ्या महिन्यांत तलावाच्या कांठाकांठानें गोऱ्हे बुद्रुक, तेथून डोणजें आणि डावीकडे वळून सिंहगडच्या घाटाला लागलों. गड समुद्रसपाटीपासून सुमारें १३०० मीटर उंच. त्यांतले शेवटचे पांचशेंहून अधिक मीटर आठ-नऊ किलोमीटरांच्या वळणांत चढावयाचे. येथें गिअरची पारख होते. माझ्या सायकलीला पुढचें लहान चक्र ३४ दात्यांचें व मागचें सर्वांत मोठें चक्रहि ३४ दात्यांचें आहे. म्हणजे पायडल एकदां फिरलें कीं चाकहि एकदांच फिरतें. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशीं साडेसात किलोमीटरांची गति पडते. ती पाहून पायीं चढणारीं पोरें हंसतात; हंसूं द्यावें. मागचें चक्र २५-२८ दात्यांचें असतें तर मला उतरून चालावें लागलें असतें, किंवा गुडघ्यांनीं पुन्हां असहकार पुकारला असता. विकतांना दुकानदार गिअर किती आहेत तें सांगतो. आपण विचारावें तें सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हें. मी तीन वेळां थांबून दीड तासांत वर पोंचलों.

उतरणें मात्र चढण्याहून गंभीर आहे. १२२ किलो भार पांचशें मीटर खालीं आणतांना जी शक्ति सुटते, ती सुमारें पावणेदोन लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. तिचा कांहीं भाग वारा खातो. उरलेली सर्व ब्रेकनें गिळावयाची. रिमला चिमटणारे जुने ब्रेक असतील तर ती उष्णता रिममध्यें जाते, आणि लांब उतारावर त्या तापानें टायर फुटण्याचे प्रकार घडले आहेत. म्हणून भारी माणसानें तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक घ्यावे. त्यांची तबकडी तापते, ती चाकाच्या मधोमध, टायरपासून दूर. तरीहि ब्रेक सतत धरून ठेवूं नये. वळणापूर्वीं जोरानें दाबावा व मग सोडून तबकडीला वारा लागूं द्यावा. पावसाळ्यांत ह्या घाटांत दरडी येतात व रस्ता कधीं बंदहि असतो; त्या दिवसांत तलावापर्यंतच जावें.

सीटविषयीं दोनच शब्द. जाड माणसाला जाड गादी हवी, ही समजूतहि टायरच्या तर्काचीच बहीण. बसतांना भार दोन हाडांवर पडतो. त्या हाडांतील अंतर देहाच्या जाडीवर अवलंबून नसतें. त्या मापाची, बेताची कठीण सीट पहिला पंधरवडा दुखते आणि मग विसरली जाते. मऊ गादी पहिला दिवस सुखाची आणि पुढें कायमची तापदायक.

सात महिन्यांत १९०० किलोमीटर झाले. वजन १०१ वर आलें आहे. साखरेविषयीं डॉक्टर अजून समाधानी नाहींत, पण चढणें थांबलें एवढें ते कबूल करतात. वरच्या दह्याचें मडकें मी दर खेपेस एकच घेतों. तीनशें किलोमीटरांनंतर मिस्त्रींनीं तारा पुन्हां लावून दिल्या. त्यानंतर एकहि तुटलेली नाहीं. आई अजून दर रविवारीं मी परत येईपर्यंत खिडकींत बसते. त्यावर मात्र कोणत्याहि दुकानांत उपाय मिळाला नाहीं.

मागल्या आठवड्यांत आमचे ते परिचित गृहस्थ संध्याकाळीं घरीं आले. चहा होईपर्यंत बराच वेळ ते जिन्याखालीं सायकलीपाशीं उकिडवे बसले होते आणि बोटानें मागच्या चाकाच्या तारा मोजीत होते. उठल्यावर त्यांनीं विचारलें, माझ्या जुन्या गाडीला असलं मागचं चाक बांधून मिळेल का? मीं मिस्त्रींच्या दुकानाची खूण सांगितली. मंगळवारीं दुकान बंद असतें, हेंहि सांगितलें.